मगदूम सरांचा हातगुण

“सगळे खाली जा. चहा घेऊन या,” मगदूम सर म्हणाले. “माणसं समोर असली की मशीन बुजतंय.”

मशीन म्हणजे सुकुमार नेजकरचा कॉम्प्युटर. त्यात व्हायरस शिरला म्हणून तो पुसून सगळं नव्यानं चढवलं होतं, आणि तेव्हापासून आमची वेबसाइट त्याच्यावर उघडायला तयार नव्हती. सुकुमारनं सकाळभर झटापट केली आणि शेवटी सरांच्या केबिनच्या दारात जाऊन तोंड पाडून उभा राहिला. आता त्यानं स्वतःची खुर्ची रुमालानं पुसली, सरांसाठी मागे ओढली आणि सगळ्यांच्या आधी जिना उतरला. बैल बुजतो हे मला माहीत होतं. आमच्या तासगावकडे मी लहानपणापासून बघत आले होते. कॉम्प्युटर बुजतो हे कळायला मला सांगलीत नोकरी धरावी लागली.

“तू नवीन आहेस म्हणून तुला नवल वाटतंय,” खाली टपरीवर पद्माताई चौगुले मला म्हणाल्या. ऑफिसात सगळ्यांत जुन्या त्याच. “सरांच्या हाताला गुण आहे बघ. काही डॉक्टर असतात न्हवं, औषध तेच, पण त्यांनी दिलं की ताप उतरतोय. तसं.”

“पण सर करतात काय?”

“हात लावतात.”

“हात लावून काय करतात?”

“आता ते कसं सांगू? बघायला कोण थांबलंय?”

“असलं विचारू पण नये,” सुकुमार कप खाली ठेवत म्हणाला. “गुण जातोय.”

आम्ही वर गेलो तेव्हा शर्टाच्या खिशाला नेहमीचा पेन ड्राइव्ह लटकवून सर रुमालानं हात पुसत उभे होते, जणू आत्ताच कुणाचं तरी पोट फाडून शिवून टाकलंय. सुकुमारच्या पडद्यावर वेबसाइट उघडली होती, सगळ्या तारखा आपापल्या चौकोनात. सुकुमारनं वाकून नमस्कार केला. खराखुरा, पायाला हात लावून. मला हसू फुटलं, ते मी खोकल्यावर निभावलं. इंजिनिअर झालेला माणूस होता तो. मीही झाले होते, तीच परीक्षा देऊन, आणि त्या क्षणी मला त्या परीक्षेची लाज वाटली.

आमचं ऑफिस मंगल कार्यालयांसाठी वेबसाइट बनवायचं. कोणता हॉल कोणत्या तारखेला मोकळा आहे ते कॅलेंडरवर बघायचं आणि बुक करायचं, एवढाच मामला. मिरजेपासून इस्लामपूरपर्यंतची बरीच कार्यालयं आमच्याकडे होती. सरांनी एकदा एक वेबसाइट लिहिली होती आणि तिलाच वेगवेगळी लुगडी नेसवून ती सगळ्यांना दिली होती. ऑफिसात येणाऱ्या प्रत्येकाला सर पहिल्याच दिवशी नियम सांगत. मलाही सांगितला.

“हे कोरं मशीन. याच्यावर आपली वेबसाइट उभी करून दाखवायची. स्वतः. कुणाची मदत न घेता. जमलं की त्याच दिवशी कायम, पत्र हातात. नाही जमलं तर मी आहेच, करून देतो. पण मग शिकाऊ म्हणून राहायचं, तयारी होईपर्यंत.”

मला हा नियम रास्त वाटला. मग कळलं की पद्माताई शिकाऊ आहेत. सुकुमार शिकाऊ आहे. त्याच्या पलीकडे बसणारे सगळे शिकाऊच. पद्माताई नोकरीला लागल्या तेव्हा त्यांची मुलगी बालवाडीत जात होती, ती आता बारावीला होती, आणि आई अजून शिकत होती. त्या ऑफिसात कायम असे फक्त सर आणि दारावरचा गणपती.

माझं मात्र सगळं कायम होण्यावर अडलेलं होतं. आई-वडील गेल्यापासून भाऊच घरचा कर्ता, आणि त्यानं मला सांगलीत खोली घेऊन राहू दिलं होतं ते एका अटीवर. “दिवाळीपर्यंत नोकरी कायमची झाली तर राहा. नाहीतर घरी ये, मी स्थळं बघून ठेवलीत.” भाऊ वाईट नव्हता. बोलला की तसंच करायचा, एवढंच. त्याच्या स्थळांपैकी एकाचा फोटो त्यानं मला पाठवलाही होता. मोटरसायकलवर बसून काढलेला, मोटरसायकल उभी असताना.

म्हणून मी मशीनला भिडले.

ज्यांना या धंद्यातलं माहीत नाही त्यांना सांगते. वेबसाइट कुणी पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः लिहीत नाही. तारखा मोजणं, कॅलेंडर दाखवणं, पावती छापणं, अशा कामांचा तयार कोड जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेला असतो. त्याला लायब्ररी म्हणतात. ती इंटरनेटवरून उतरवायची आणि वापरायची. प्रत्येक लायब्ररीला व्हर्जनचा नंबर असतो, आणि एका लायब्ररीला दुसरी लागते. भांडण तिथेच. आमची कॅलेंडरची लायब्ररी तारखांच्या लायब्ररीचं जुनं व्हर्जन मागत होती, पावतीची लायब्ररी नवं मागत होती. जुनं घातलं की पावती रुसायची, नवं घातलं की कॅलेंडर तोंड फिरवायचं. एका मांडवात दोन मानाचे जावई, आणि दोघांनाही तोच पाट पाहिजे.

पण हे भांडण सुटणारं होतं. मी पावतीच्या लायब्ररीची मागची सगळी व्हर्जनं चाळली आणि एक असं शोधलं जे जुन्या तारखांवर भागवून घेत होतं. शिस्तीत सगळं काढलं, शिस्तीत घातलं. पडद्यावर एकही लाल ओळ आली नाही. मी मनातल्या मनात मोटरसायकलवाल्याला निरोप दिला आणि वेबसाइट उघडली.

कोरं पान.

पुन्हा सगळं पुसलं, पुन्हा घातलं. कोरंच. सुकुमारच्या मशीनवर कोणतं व्हर्जन आहे ते जाऊन पाहिलं. माझ्याकडचं आणि त्याच्याकडचं, नंबर तंतोतंत एक. त्याच्याकडे चालत होतं, माझ्याकडे नाही.

“काय कांचनबाई,” सर माझ्या मागे येऊन उभे राहिले. “इंटरनेटवरचं ज्ञान संपलं?”

“बघते आहे सर.”

“बघ की. बघ. शुक्रवारपर्यंत बघ.” मग आवाज मोठा करून सगळ्यांना ऐकू जाईल असं, “आजकालच्या पोरांना वाटतंय सगळं वाचून येतंय. हाताला वळण लागावं लागतंय.”

आजूबाजूच्या सगळ्या माना हलल्या. पद्माताईंचीही. दुपारी डबा खाताना त्या मला हळूच म्हणाल्या, “कशाला ताणतीस गं? जा, सरांना सांग. हात लावतील, चालू होईल, मोकळी होशील.”

“आणि शिकाऊ राहीन.”

“मग? आम्ही नाही राहिलो?”

मी भाकरी चावत बसले. मला त्यांचा राग आला नाही तेव्हा, कीव आली, आणि कीव करण्यात मला थोडं बरंही वाटलं.

बुधवारी सर फळ्यावर सुट्टीची सूचना लिहीत होते. “१५ ऑगष्ट, ऑफिस बंद.” ऑगष्ट. पोटफोड्या, षटकोनाच्या ष चा ऑगष्ट. आमच्या मराठीच्या बाई असत्या तर त्यांनी खडू हिसकावून घेतला असता. अशा लोकांच्या हाताखाली काम करायचं, असं पुटपुटत मी मान वळवली, आणि सुकुमारच्या पडद्यावर नजर गेली. कॅलेंडर उघडं होतं. वर मोठ्या अक्षरांत महिन्याचं नाव होतं. ऑगष्ट.

मी उठून जवळ जाऊन पाहिलं. तेच ते.

आता ही लायब्ररी लिहिणारा माणूस कुठल्या तरी लांबच्या देशातला. त्याच्या लायब्ररीत महिन्यांची नावं इंग्रजी. मराठी नावं असतील तर ती आमच्या कोडमध्ये असायला हवीत. मी जागेवर येऊन आमच्या सगळ्या कोडमध्ये तो शब्द शोधला. नव्हता. एकदाही नाही. मग मी सुकुमारला पाणी प्यायला पाठवलं आणि त्याच्या मशीनवर तोच शब्द शोधला, पण लायब्रऱ्यांच्या फोल्डरसकट. त्या फोल्डरमध्ये कुणी शोधत नाही, कारण तिथं कुणी काही लिहीत नाही. तो माल दुसऱ्याचा. उतरवायचा, वापरायचा, आणि वाटेल तेव्हा पुसून पुन्हा उतरवायचा. तिथं आपलं काही लिहिणं म्हणजे भाड्याच्या भांड्यांवर स्वतःचं नाव कोरण्यासारखं.

नाव कोरलेलं होतं. तारखांच्या लायब्ररीच्या आत, परक्या माणसाच्या फाइलमध्ये, इंग्रजी महिने खोडून ओळीनं मराठी लिहिले होते. जानेवारी, फेब्रुवारी, आणि पुढे आमचे ऑगष्ट महाराज. नंबर तोच, माल घरचा. बुकिंगच्या सगळ्या नोंदी याच मराठी नावांनी साठवलेल्या होत्या. इंटरनेटवरून खरी लायब्ररी उतरवली की तिच्यातून इंग्रजी नावं यायची, ती नोंदींशी जुळायची नाहीत, आणि पान कोरं पडायचं. जगातल्या कुठल्याही माणसानं कितीही हुशारीनं मशीन उभं केलं असतं तरी ते चाललं नसतं. चालण्यासाठी एकच गोष्ट लागत होती. ती सरांच्या शर्टाच्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये होती, आणि आम्ही चहा प्यायला जायचो तेव्हा ती बाहेर यायची.

मी सुकुमारची फाइल माझ्याकडे आणली. वेबसाइट उघडली. लगेच.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “सर, ऑगस्टमध्ये स असतो.”

सर हुशार होते, एवढं मान्य करते. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “दार लाव.”

मी लावलं.

“कुणाला बोललीस?”

“अजून नाही.”

“बस.” ते बिलकूल ओशाळले नव्हते. खुर्चीत मागे रेलले. “खरं सांगू का? पहिल्यांदा माझ्यापण ध्यानात आलं नव्हतं. एका कार्यालयवाल्याला मराठी महिने पाहिजे होते. सरळ रस्ता सापडंना, म्हणून आत जाऊन लिहिले. चाललं. पुढं पद्माताईंच्या मशीनवर चालंना, तेव्हा माझी फाइल नेऊन टाकली. चाललं. तर त्या पाया पडल्या.” सर हसले. “आता पाया पडलेल्या माणसाला मी काय उठवू?”

“आणि त्या अजून शिकाऊ आहेत.”

“त्यांनी कधी विचारलं का मला, सर, तुम्ही काय करता म्हणून? एकदा तरी?”

“तुम्ही त्यांना खाली पाठवत होता.”

“गेल्या की!” सर म्हणाले, अगदी प्रामाणिकपणे. “हे बघ कांचन. तू उद्यापासून कायम. पत्र आत्ता काढतो. फक्त हे या खोलीत राहू दे. तुला तुझं मिळालं, विषय संपला.”

“सगळ्यांना कायम करा. मग राहू देते.”

“सगळ्यांना? ते कशासाठी?”

मी दार उघडलं आणि बाहेर आले. मी सगळ्यांना माझ्या मशीनभोवती बोलावलं. कोणाला खाली पाठवलं नाही. त्यांच्यासमोर सरांची फाइल काढली, पान कोरं झालं. पुन्हा घातली, पान उघडलं. पुन्हा काढली. पुन्हा घातली. फाइल उघडून तो शब्द दाखवला, मग फळ्याकडे बोट केलं. हे कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, आपण चहाला गेल्यावर काय होतं, आणि त्यापायी तुम्ही सगळे इतकी वर्षं का अडकून पडलात, ते एकेक करून सांगितलं. पहिलीतल्या मुलालाही समजलं असतं.

मी सुकुमारच्या चेहऱ्याकडे बघत होते. तो लाल होत होता. मला वाटलं, आता हा केबिनवर चालून जाणार.

“म्हणजे,” सुकुमार म्हणाला, “सरांनी लायब्ररीच्या आत हात घातला होता?”

“हो!”

“आत? दुसऱ्यानं लिहिलेल्या लायब्ररीच्या?” त्यानं सगळ्यांकडे पाहिलं. “आपल्यातल्या कुणाची छाती झाली असती का रे?”

कुणाची झाली नसती. पुन्हा माना हलल्या.

तेवढ्यात सर केबिनमधून आले. हातात छापलेलं पत्र होतं. शाई वाळायच्या आत त्यांनी डावही रचून आणला होता.

“शोधलं बघा पोरीनं,” ते भरल्या आवाजात म्हणाले. “इतकी वर्षं मी वाट बघत होतो. मुद्दाम ठेवलं होतं तिथं. म्हटलं, कोण तरी एक दिवस विचार करंल, हे चालतंय कसं. नियम काय होता? स्वतः उभं करायचं. हिनं केलं. कांचन जमदाडे, कायम.”

टाळ्या वाजल्या. खरंच वाजल्या. सुकुमार सगळ्यांत जोरात वाजवत होता.

“आणि हे सगळे?” मी ओरडलेच. “पद्माताईंचं काय?”

सरांना उत्तर द्यावं लागलंच नाही. पद्माताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लहान मुलाची समजूत घालावी तशा म्हणाल्या, “अगं, आम्ही नाही ना शोधलं. उगंच कसं देतील?”

मी पत्र घेतलं. संतापून फाडून टाकलं असतं तर गोष्ट जास्त देखणी झाली असती, पण फाडलं असतं तर तासगावला ती मोटरसायकल उभी होती. मी भावाला फोन करून कळवलं. तो म्हणाला, चांगलं झालं, तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग. मी सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिलं काम केलं ते म्हणजे ती मराठी नावं लायब्ररीतून उचलून आमच्या स्वतःच्या कोडमध्ये, जिथं असायला पाहिजे होती तिथं, नीट बसवली. ऑगस्टला त्याचा स परत दिला, जुन्या नोंदींतही. आता कुणीही कुठल्याही कोऱ्या मशीनवर सगळं इंटरनेटवरून उतरवलं असतं तरी वेबसाइट उघडली असती. हात लावायची गरज उरली नव्हती. माझ्या मशीनवर दोनदा खात्री केली आणि दुपारी पद्माताईंच्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

“ताई, तुमचं मशीन पुसा.”

“अगं बाई! का?”

“पुसा आणि स्वतः उभं करा. नेहमीसारखंच करा, आता चालणार. मी शेजारी बसते, हात लावणार नाही. संध्याकाळपर्यंत होईल. मग केबिनमध्ये जा आणि सांगा, सर, मी स्वतः उभं केलं, माझं पत्र द्या. नियम त्यांचाच आहे. काल सगळ्यांसमोर बोललेत. नाही म्हणायला त्यांना तोंड नाही.”

पद्माताईंना समजलं होतं. पूर्ण समजलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं, आणि मला वाटलं, चला, एक तरी माणूस निघालं या ऑफिसातून. त्यांचा हात माउसवर गेला सुद्धा.

मग त्यांनी केबिनच्या काचेकडे पाहिलं. आत सर फोनवर कुणाशी तरी हसत होते.

“नको गं,” त्या कुजबुजल्या. “सरांना काय वाटेल? एवढी वर्षं केलंय त्यांनी माझं मशीन.”

मी खुर्ची उचलून परत माझ्या जागेवर नेली. मगदूम सरांवरचा माझा राग त्या दुपारी संपला. समोरून एवढी मदत मिळत असेल, तर कुणीही मगदूम सर झालं असतं.